उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं का? गावठाणातलं घर घेण्या-विकण्याआधी हे वाचा

गावात घराचा व्यवहार बहुतेक वेळा असा होतो. घेणारा आणि विकणारा एकाच गावचे, नाहीतर शेजारच्या गावचे. किंमत पारावर किंवा कुणाच्या तरी ओसरीवर बसून ठरते. इसार म्हणून एक्कावन्न हजार हातावर ठेवले जातात. मग तालुक्याला जाऊन स्टॅम्पवर मजकूर टाइप होतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि उरलेली रक्कम रोख मोजून दिली जाते. तो कागद ग्रामपंचायतीत दिला की ठराव होतो आणि घराच्या उताऱ्यावर नवं नाव लागतं. घेणारा पेढे वाटतो, दुसऱ्या महिन्यात घरपट्टीही त्याच्याच नावाने येते.

या सगळ्यात एकच गोष्ट झालेली नसते. कायद्याच्या दृष्टीने घर विकलं गेलेलं नसतं.

हे कळतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी बँकेत कर्ज मागायला गेल्यावर बँक खरेदीखत मागते. किंवा विकणारा वारतो आणि त्याची पोरं म्हणतात, "आमच्या बापाने घर विकलेलंच नाही, राहायला दिलं होतं." किंवा सासरी गेलेली बहीण वकिलाची नोटीस पाठवते. आयुष्याची कमाई घातलेलं घर असतं, पण कोर्टात दाखवायला घरपट्टीच्या पावत्या आणि नोटरीचा एक कागद एवढंच हातात राहतं.

नमुना ८ म्हणजे नेमकं काय?

ग्रामपंचायतीतून मिळणारा घराचा उतारा म्हणजे नमुना नंबर ८. शेतीच्या खात्याचा '८-अ' वेगळा, तो तलाठ्याकडचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). गावात दोन्हींना 'आठचा उतारा' म्हणायची सवय आहे, त्यामुळे बोलताना घोळ होतो. घराचा उतारा ग्रामसेवकाकडून घ्यायचा. त्या पदाचंही नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कुणाकडून, किती आणि कोणत्या बांधकामावर वसूल करायची हे पंचायतीला कळावं म्हणून ती ठेवलेली असते. त्यात मालकाचा रकाना असतो, भोगवटादाराचाही असतो. पण त्यात नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पंचायतीला कुणाला मालक करण्याचा अधिकार नाही. पंचायत फक्त नोंद घेते. म्हणूनच गायरानावरच्या घरालाही नंबर मिळतो आणि घरपट्टी लागते. उद्या कुणी त्या उताऱ्यावर ते घर तुम्हाला विकलं, तर तुम्ही विकत घेता ते अतिक्रमण.

याचा अर्थ उतारा बिनकामाचा आहे असं नाही. ज्या गावठाणाची सरकारी मोजणी झालेली नाही, तिथे दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत करताना घराची ओळख पटवायला हाच उतारा लागतो. ताबा किती वर्षांचा आहे हे दाखवायलाही तो कामी येतो. फक्त एकट्या उताऱ्यावर विसंबून पैसे मोजायचे नाहीत. चालू वर्षाच्या उताऱ्यासोबत १०, २० आणि जमलं तर ३० वर्षांपूर्वीचे उतारेही मागून घ्यावेत. नाव कधी बदललं आणि कोणत्या कागदावर बदललं ते त्यातून दिसतं. फेरफाराच्या ठिकाणी 'संमतीपत्रावरून' किंवा 'अर्जावरून' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो अर्ज आणि संमतीपत्र पाहायला मागावं. बऱ्याच भानगडींचं मूळ तिथेच असतं.

नोटरीचा शिक्का काय करतो, काय करत नाही

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५४ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री फक्त नोंदणी केलेल्या दस्तानेच होते. शंभर रुपयांत आज कोंबडीही येत नाही, म्हणजे गावातलं कोणतंही घर या नियमात आलंच. दस्त नोंदवायचा तो तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, ज्याला आपण रजिस्टर ऑफिस म्हणतो.

नोटरी या माणसाने माझ्यासमोर सही केली एवढंच सांगतो. घर कुणाचं, विकणाऱ्याला अधिकार आहे का, बाकीचे वाटेकरी कुठे आहेत, हे तो तपासत नाही. महाराष्ट्रात १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून आला. कागद महाग झाला, पण त्याची ताकद होती तेवढीच राहिली.

मुखत्यारपत्राचंही असंच. मुंबईत किंवा पुण्यात राहणारा भाऊ गावातल्या भावाला मुखत्यारपत्र देतो आणि त्यावर घर विकलं जातं. मुखत्याराने मालकाच्या वतीने नोंदणीकृत खरेदीखत करून दिलं तर ठीक. पण मुखत्यारपत्र, साठेखत आणि नोटरीची पावती यांची जुडी हीच विक्री समजायची, हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प या प्रकरणात ते स्पष्ट केलं. आणखी एक. मुखत्यारपत्र देणारा माणूस मेला की सर्वसाधारणपणे ते तिथेच संपतं. त्यामुळे सहीच्या दिवशी मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

इसार पावती किंवा साठेखत म्हणजे पुढे विकायचं कबूल केल्याचा कागद. तो करावा, जरूर करावा, आणि शक्यतो नोंदवूनच करावा. २००१ पासून नियम असा आहे की साठेखतावर ताबा घेतला आणि साठेखत नोंदवलेलं नसेल, तर त्या ताब्याला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. शिवाय साठेखतात ताबा दिल्याचं लिहिलं की महाराष्ट्रात खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क द्यावं लागतं. म्हणून ताबा खरेदीखताच्या दिवशी घेतलेला बरा.

पावतीत खरेदीखत किती तारखेपर्यंत करायचं ते लिहून घ्यावं. समोरच्याने टाळाटाळ केली, तर ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. "आज करू, दिवाळीनंतर करू, पोरीचं लगीन झाल्यावर करू" यात ती ३ वर्षं कधी सरतात कळत नाही.

ड्रोन येऊन गेला का गावात?

२४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. त्याआधीच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहण्यात आली होती. मोजणीआधी घराच्या कडेने चुन्याच्या रेषा मारल्या जातात, ड्रोन वरून फोटो घेतो, मग चौकशी होऊन प्रत्येक मिळकतीला नंबर पडतो आणि मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड तयार होतं. मोठ्या गावांमध्ये जुना सिटी सर्व्हे आधीच झालेला असतो, तिथे कार्ड पहिल्यापासून आहे.

तुमच्या गावाचं कार्ड तयार असेल तर घर घेण्याआधी ते पाहिलंच पाहिजे. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळतं, आणि महाभूमीच्या साइटवर मोबाइलवरही काढता येतं. कार्डावर चार गोष्टी बघायच्या: धारक म्हणून कुणाचं नाव आहे, क्षेत्र किती, सत्ता प्रकार काय आणि बोजा आहे का. सत्ता प्रकारावरून ती जागा सरकारने काही अटीवर दिलेली आहे का ते कळतं. अट असेल तर विकण्याआधी परवानगी लागू शकते.

क्षेत्र कार्डावर चौरस मीटरमध्ये असतं आणि नमुना ८ वर बहुधा फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ६०० फुटांचं घर सांगितलं असेल तर कार्डावर साधारण ५५.७४ चौरस मीटर दिसायला हवं. तिथे ४२ दिसत असेल तर १५० फूट कुठे गेले हे पैसे देण्याआधी विचारायचं.

सध्या बऱ्याच गावांत नवी गुंतागुंत दिसते. नमुना ८ वर एक नाव आणि कार्डावर दुसरं. वडिलांनी घर विकलं, पंचायतीत नाव बदललं, पण मोजणीच्या वेळी चौकशीला हजर होता तो जुना मालक किंवा त्याचा पुतण्या. दोन कागदांवर दोन मालक दिसत असतील तर आधी विकणाऱ्याने ते एक करून आणावं, मग पुढची बोलणी. "नंतर बघू" म्हणून कमी पैशात घेतलेलं असं घर स्वस्त पडत नाही.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती वारसांत

घर आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन २५ वर्षं झाली. उताऱ्यावर मोठ्या मुलाचं नाव लागलं, कारण घरपट्टी तोच भरायचा. आता तो घर विकतोय. किंमत परवडणारी आहे, माणूस ओळखीचा आहे. पण त्या घरात वाटा किती जणांचा?

हिंदू कुटुंब धरून साधं उदाहरण घेऊ. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं आणि मृत्युपत्र न करता वारले. मागे त्यांची आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. घराचे वाटे ५, सगळे सारखे. आजीचासुद्धा त्यात पूर्ण एक वाटा आहे, हे फार जणांना माहीतच नसतं. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा पडतो, पण मुलगी तिथेही सुटत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांना त्यांचे वेगळे वारसा नियम लागतात, पण मुलींचा वाटा तिथेही आहेच.

मग "बहिणींनी कधीच सोडलंय, त्यांचा काही प्रश्न नाही" असं विकणारा सांगतो तेव्हा काय करायचं? कागद मागायचा. स्थावर मिळकतीतला हक्क तोंडी सोडता येत नाही, आणि पंचायतीत दिलेल्या साध्या संमतीपत्रानेही सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत सख्ख्या नात्यातलं हक्कसोडपत्र असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, खर्च फार येत नाही. अडचण असते ती बहिणीला विचारायची. भाऊबीजेला येते तेव्हा विषय काढायला जड जातं, म्हणून तो विषय कागदावरही येत नाही आणि मग तोच विषय समन्सच्या रूपाने घर घेणाऱ्याच्या दारात येतो. विकणाऱ्याला सगळ्या बहिणी, भाऊ, आई यांना खरेदीखतावर 'लिहून देणार' म्हणून सही करायला आणता आलं, तर वेगळं हक्कसोडपत्रही लागत नाही. बहिणीला तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात गेले तर त्याहून चांगलं. तिने ते नको म्हटलं तर ती तिची मर्जी, पण विचारल्याशिवाय तिच्या वतीने नको म्हणायचा अधिकार भावाला नाही.

वारसांपैकी कुणी १८ वर्षांखालचं असेल, समजा भाऊ अपघातात गेला आणि त्याची लहान लेकरं आहेत, तर तिथे थांबायचं. वारसाने लेकराच्या वाट्याला आलेला हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते. आईने सही केली म्हणून भागत नाही. परवानगी न घेता विकलं तर ते लेकरू सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत व्यवहार रद्द करायला कोर्टात जाऊ शकतं.

काही जण म्हणतात, बाकीच्यांचं राहू द्या, या एकाचाच वाटा घेऊ, अर्धं तर अर्धं घर. शेतीत असा व्यवहार कसाबसा निभतो, घरात नाही. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला वाटा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला त्या घरात इतरांसोबत राहायचा हक्क कायदा देत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो, आणि तो दावा केला की घरातले बाकीचे वाटेकरी कोर्टामार्फत त्याचा वाटा किंमत देऊन परत घेऊ शकतात. म्हणजे पैसे गुंतवून दहा वर्षं तारखा करायच्या आणि शेवटी घर नाहीच.

बोळ, भिंत आणि पन्हाळीचं पाणी

वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी घरापाशी उभं राहून दिसतात. आधी सर्चचं सांगायचं तर, गेल्या वीस-बावीस वर्षांत त्या मिळकतीचे कोणते दस्त नोंदवले गेले ते नोंदणी विभागाच्या साइटवर पाहता येतं. जुने दस्त कार्यालयात शोधावे लागतात. वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतात आणि त्याचे काही हजार रुपये लागतात. आठ-दहा लाखांच्या घरासाठी हा खर्च वाचवणं शहाणपणाचं नाही.

पण गावठाणातल्या घराचं खरं भांडण चतुःसीमेवर होतं. जुन्या खरेदीखतात 'पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांचं घर' असं लिहिलेलं असतं, आणि माप 'पाच खण'. तो रस्ता आज आहे का? का तिथे कुणाची संडासाची टाकी आली? घरात जायचा बोळ सार्वजनिक की शेजाऱ्याच्या मालकीचा? ट्रॅक्टर नाही गेला तरी चालेल, पण उद्या स्लॅब टाकायचा तर वाळू-खडी कुठून आणणार? मधली भिंत कुणाची, एकाची की सामाईक? माळवद पाडून आरसीसी करायचं म्हटलं की सामाईक भिंतीचा वाद हटकून निघतो. पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, न्हाणीचं सांडपाणी कुठून जातं, आडात पाण्याचा वाटा आहे का, परसातलं झाड कुणाचं, हे सगळं शेजाऱ्यांसमोर विचारून खरेदीखतात लिहून घ्यावं. टाइप करणारा तयार नमुना वापरतो, त्यात यातलं काहीच नसतं. त्याला सांगावं लागतं.

टेप धरून सगळ्या बाजू मोजाव्यात आणि शेजाऱ्यांना बोलवावं. शेजारी मोजणीला आला नाही, किंवा आला आणि गप्पच उभा राहिला, तर संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जावं. पारावरच्या म्हाताऱ्यांनाही विचारावं. घरात पूर्वी कोण राहायचं, कोण रुसून गेलं, कुणाचा दावा चालू आहे, हे कोणत्याही साइटपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. तालुक्यात चालणाऱ्या वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस देऊन १५ दिवस वाट पाहणंही चांगलं. कुणाची हरकत असेल तर ती पैसे देण्याआधी कळते.

घरकुल योजनेतलं घर असेल तर मंजुरीच्या कागदात विक्रीवर बंदी किंवा अट आहे का, ते पंचायत समितीत विचारून घ्यावं. आणि घर गावठाणात नसून गट नंबरात असेल, म्हणजे शेतातले एक-दोन गुंठे पाडून बांधलेलं, तर तो वेगळाच मामला. तिथे सातबारा बघायचा, बिगरशेती झाली आहे का बघायचं. तुकडेबंदीच्या नियमात सरकारने २०२५ मध्ये सवलत दिली, पण ती सगळ्या ठिकाणच्या सगळ्या तुकड्यांना लागू नाही. "आता सगळं खुलं झालंय" असं सांगणारा प्लॉटवाला भेटला तर त्याला त्या गटाचं खरेदीखत आधी नोंदवून दाखवायला सांगावं.

विकणाऱ्यानेही सावध राहायला हवं

फसतो तो घेणाराच असं नाही. खरेदीखतावर सही झाली, नोंदणी झाली, आणि पुढच्या तारखेचा चेक वटलाच नाही, तर काय? बऱ्याच जणांना वाटतं, पैसे मिळाले नाहीत म्हणजे व्यवहार आपोआप रद्द. तसं नाही. कायद्यात विक्री म्हणजे किंमत 'दिलेली किंवा द्यायचं कबूल केलेली'. नोंदणी झाली की मालकी गेली. मग राहिलेल्या पैशाचा दावा करत बसायचं. गुजरातमधल्या दहिबेन प्रकरणात चेकचे पैसे पूर्ण मिळाले नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी विक्री रद्द करायला ५ वर्षांनी दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो मान्य केला नाही. म्हणून विकणाऱ्याने सगळी रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज नव्हे, पासबुकातली नोंद पाहून मगच अंगठा लावावा. मेसेज खोटाही असतो.

रोखीचं काय? घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, इसार धरून. घेतली तर घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्यालाच, तेवढाच दंड होऊ शकतो. वर सांगितलेले एक्कावन्न हजार इथे आठवावेत. बँकेतून दिलेल्या पैशाचा पुरावा राहतो आणि तो दोघांच्याही कामाचा. काही जण शुल्क वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी लिहितात. शुल्क तसंही सरकारी दर आणि लिहिलेली किंमत यांतलं जे जास्त असेल त्यावर लागतं. व्यवहार फिसकटला तर कोर्टात मागता येते ती फक्त कागदावरची रक्कम.

करासंबंधी गावात एक गैरसमज पक्का आहे: शेतजमीन विकली तर कर नाही, म्हणून गावचं घर विकलं तरी नाही. ग्रामीण भागातल्या शेतजमिनीला सूट आहे, घराला ती नाही. नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. जुनं वडिलोपार्जित घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरून हिशेब करता येतो, आणि तो पैसा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते. लहान व्यवहारात बहुधा काही भरावं लागत नाही, पण सीएला एकदा कागद दाखवावेत.

रजिस्टर ऑफिसात किती खर्च येतो?

ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ३ टक्के आणि त्यावर जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे ८ लाखांच्या घराला ३२ हजार शुल्क आणि ८ हजार फी, एकूण ४० हजार. शहराला लागून असलेल्या प्रभाव क्षेत्रातल्या गावांत दर जास्त असतो, तो कार्यालयात विचारून घ्यावा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८ लाखांवर ८ हजार वाचतात आणि घर तिच्या नावावर राहतं. नवरा-बायकोच्या जोडनावावर घेतलं तर ही सवलत नाही.

नोटरीवर काम भागवण्याचं कारण बहुतेक वेळा हे ४० हजारच असतात. ८ लाख उचलून द्यायला हात कचरत नाही, हे द्यायला कचरतो.

शुल्क ऑनलाइन चलनाने भरता येतं. कार्यालयात घेणारे-देणारे सगळे, ओळख पटवणारे दोन जण, आधार, पॅन, उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मूळ जुने दस्त लागतात. सहीच्या तारखेपासून ४ महिन्यांत नोंदणी व्हायला हवी, उशीर झाला तर दंड. मजकूर सहीच्या आदल्या दिवशी घरी आणून मोठ्याने वाचून घ्यावा. नावं, माप, चतुःसीमा, रक्कम. नोंदणीनंतर दुरुस्ती करायची तर पुन्हा सगळ्यांना गोळा करावं लागतं, आणि तोवर एखादा दुबईला गेलेला असतो.

नोंदणी झाली की सूची क्रमांक २ मिळते. ती आणि खरेदीखताची प्रत जोडून ग्रामपंचायतीत नमुना ८ साठी आणि कार्ड असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात फेरफारासाठी अर्ज द्यायचा. दोन्हीकडे पोच घ्यायची. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणच्या बिलाची थकबाकी विकणाऱ्याकडून आधीच भरून घ्यावी. मीटर नावावर करताना जुनी बाकी निघाली तर ती नव्या माणसाच्या गळ्यात पडते.

ज्यांचं घर आधीच नोटरीवर घेऊन झालंय

अशी घरं प्रत्येक गावात आहेत. त्यांनी घाबरून जाण्यापेक्षा विकणारा हयात आणि बोलण्यात असताना हालचाल करावी. जुना नोटरीचा कागद नोंदवायला नेला तर तो मुदतीबाहेर गेलेला असतो, म्हणून त्याच विकणाऱ्याकडून नवं खरेदीखत करून घ्यायचं आणि आजच्या दराने शुल्क भरायचं. आधी दिलेल्या रकमेचा उल्लेख त्यात तारखेसह करता येतो. विकणारा वारला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, मुलींसकट. वारस पैसे मागतील, काही ठिकाणी मागतातच. किती द्यायचे ते बसून ठरवावं, कारण कोर्टाचा रस्ता त्याहून लांबचा आहे.

वारस अडून बसले तर जुना कागद, पैसे दिल्याचा पुरावा, तेव्हापासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं आणि सही करणाऱ्या साक्षीदारांची नावं एकत्र करून दिवाणी वकिलाला दाखवावीत. नोंदणी न झालेला करारही खरेदीखत करून मिळण्याच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतो, फक्त मुदत संपलेली नसावी. वकील न परवडणाऱ्यांसाठी तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना मूळ कागद घरीच ठेवून झेरॉक्स न्यावी.